माळावरचे बारा फास

मला पक्ष्यांचं मुळीच वेड नव्हतं. चिमणी, कावळा, पोपट, साळुंकी आणि घार एवढे पाच सोडले, तर बाकी सगळी माझ्या लेखी पाखरं होती. तरीही त्या वर्षीच्या श्रावणातले तीन रविवार मी चाकणच्या पुढच्या माळावर चिखलात उकिडवी बसून काढले, आणि त्याला कारण आमचे हे. पिंपरीला तेव्हा एका नव्या कारखान्याची उभारणी चालू होती. ह्यांचे साहेब विलायतेचे, यंत्रं बसवायला आलेले. त्यांची थोरली बहीण सुट्टीसाठी इकडे यायची होती. तिला पक्षी बघायचे होते आणि सोबतीला इंग्रजी बोलणारी एखादी बाई हवी होती. ह्यांनी मला न विचारता सांगून टाकलं, "आमच्या हिला येतं इंग्रजी."

मी मॅट्रिक होते. इंग्रजी वाचता येत होतं, पण बोलण्यासारखं माणूस कधी समोर आलं नव्हतं. दोन दिवस मी ह्यांच्याशी अबोला धरला. आमटीत मीठ मात्र बरोबर घातलं, कारण मलाही तीच खायची होती.

साहेबांची बहीण म्हणजे पावडर लावलेली आणि रेशमी झग्यातली असणार, असं मी ठरवून टाकलं होतं. आल्या त्या साठीच्या, शिडशिडीत, पायात पुरुषी बूट आणि कोपराला ठिगळ लावलेला रेनकोट घातलेल्या बाई. जन्मभर शाळेत शिकवून आता निवृत्त झालेल्या. गळ्यात दुर्बीण आणि खिशात वही. पहिल्याच दिवशी त्यांनी साहेबांच्या बंगल्यामागच्या तारेवर बसलेला एक बारीक हिरवा पक्षी मला दाखवला. मी म्हटलं, हा इथे रोजच असतो. त्या म्हणाल्या, "असेल, पण तुम्ही कधी बघितलात का?" मला राग आला.

मग मीही माझ्या परीने मदत करायला गेले. आमच्या शेजारणीचा पिंजऱ्यातला पोपट त्यांना दाखवायला नेलं. बाईंनी त्याच्याशी दोन शब्द लाडाने बोलून घेतले, पण वहीत त्याची नोंद केली नाही. का, म्हणून विचारलं तर म्हणाल्या, पक्षी मोकळा असला पाहिजे आणि आपण त्याच्यापर्यंत गेलं पाहिजे, तरच तो आपण पाहिला. मला हे जरा जास्तच सोवळं वाटलं.

त्यांना खरा हवा होता तो एकच पक्षी, तणमोर. कोंबडीएवढा, काळा-पांढरा, कानामागे बारीक तुरे. पावसाळ्यात त्याचा नर उंच गवतातून माणसाच्या उंचीएवढी उडी मारतो आणि पुन्हा गवतात दिसेनासा होतो. इथले विलायती लोक पावसाला कंटाळून मायदेशी पळतात, आणि ह्या बाई ती एक उडी बघायला पावसातच समुद्र ओलांडून आल्या होत्या.

तणमोर कुठे असतो ते मी विचारलं आमच्या कांदेवाल्या चाचांना. त्यांचं गाव चाकणच्या पुढे. बाजारात कांदा-लसूण विकायचे आणि आठवड्यातून एकदा कारखान्याच्या कँटीनला पोती घालायला यायचे, तेव्हा आम्ही बायका त्यांच्या गाडीवरूनच कांदे घ्यायचो. मेंदीने लाल केलेली दाढी, आणि बोलणं मोजून-मापून. ते म्हणाले, "तणमोर व्हय? आमच्या माळावर हाय की. पावसात येडा हुतो त्यो, दिसभर उड्या मारतो."

पहिल्या रविवारी कारखान्याच्या जीपने आम्हाला त्यांच्या दारात सोडलं. दिवसभर नुसता पाऊस. बेडकं ओरडत होती, आणि त्यातलं एखादं ओरडणं तणमोराचं असू शकेल, असं बाई म्हणत होत्या. मला तर सगळी बेडकंच वाटली. पण त्या दिवशी त्यांनी बाकीचे पंचवीसेक पक्षी दाखवले, नावं सांगितली, आणि दुर्बिणीतून एक भारद्वाज मला इतका जवळ दिसला की मी दचकून मागे सरले. परत येताना जीपमध्ये मी, कुणी न सांगता, तारांवरचे पक्षी मोजत होते.

दुसऱ्या रविवारी ऊन पडलं. आम्ही बांधाआड दोन तास बसून होतो. ओल्या गवताला लागून बाईंची दुर्बीण ओली झाली, म्हणून त्या मान खाली घालून काच पुसायला लागल्या. आणि नेमकं तेव्हा समोरच्या गवतातून एक काळं काहीतरी सरळ वर आलं. पांढरे पंख फडफडले, मान मागे गेली, पाय हवेत, आणि खाली. मी ओरडले, "ते बघा, ते बघा". अस्सल मराठीत. बाईंना कळेपर्यंत गवत हललं तेवढं दिसलं. नंतर दुपारपर्यंत काही नाही.

मला इतकं वाईट वाटलं की विचारू नका. सातासमुद्रापलीकडून ज्याच्यासाठी बाई आल्या, तो पक्षी ज्या बाईला त्याची काडीची किंमत नव्हती तिला दिसला. बाईंनी मला एका शब्दाने बोल लावला नाही, उलट उडी किती उंच होती, पंख किती वेळा फडकले, असं खोदून खोदून विचारलं. माझं सांगणं ऐकताना त्यांचे डोळे लहान मुलासारखे झाले होते. त्यानेच मी आणखी खचले. पुढचा रविवार शेवटचा होता. बुधवारी त्यांची बोट सुटणार होती.

त्या आठवड्यात चाचा कांदे घेऊन आले तेव्हा मी त्यांना गाठलं आणि म्हटलं, "चाचा, ह्या खेपेला बाईंना तणमोर मिळालाच पाहिजे. काय वाट्टेल ते करा." चाचांनी मान डोलावली. कांदे तोलून दिले, वर दोन जादाही घातले. मी निश्चिंत होऊन घरी आले.

तिसऱ्या रविवारी चाचा दारातच उभे होते, धुतलेला सदरा घालून. आज माळावर जायची घाई नव्हती म्हणे. चाचींनी आम्हाला घोंगडीवर बसवलं, चहा दिला. अंगणात कोंबड्या झाकायचं डालगं पालथं घातलेलं होतं, त्यावर पोतं आणि पोत्यावर दगड. चाचांनी दगड बाजूला केला, पोतं काढलं आणि डालगं अलगद उचललं. आत तणमोर होता.

पाय चिंधीने बांधलेले. एका पायाची कातडी फासाने सोलवटली होती. कानामागचे तुरे चिखलाने चिकटले होते. डोळे उघडे होते की मिटलेले, ते कळत नव्हतं. चाचा बाईंकडे बघत होते, हसत होते. दोन दिवस पावसात पालथं पडून त्यांनी फास लावले होते आणि त्या दिवशी पहाटे तो सापडला होता.

बाई ओरडल्या नाहीत. गुडघे टेकून खाली बसल्या आणि हळू आवाजात मला विचारलं, "ह्याला धरायला कुणी सांगितलं?"

"मी," मी म्हटलं. तसं शब्दाने सांगितलं नव्हतं, पण तो फरक त्या वेळी सांगत बसण्याची मला लाज वाटली.

त्यांनी माझ्याकडे एकदा पाहिलं. मग म्हणाल्या, आधी ह्याला अंधार हवा, नाहीतर घाबरूनच मरेल. मी चाचांकडे वळले. म्हातारा माणूस पाहुण्यासाठी दोन दिवस चिखलात लोळला होता, चाची दारातून कौतुकाने बघत होत्या, आणि त्यांना तोंडावर कसं सांगायचं की तुम्ही भलतंच करून बसलात? मी सरळ खोटं बोलले. "बाई म्हणतात, ह्याचा पाय दुखावलाय. सोडून देऊ या." चाचांचा चेहरा पडला, पण त्यांनी खांद्यावरचं उपरणं काढून दिलं. बाईंनी त्यात पक्षी गुंडाळला, डोकं झाकलं आणि छातीशी धरला. चाचा पुढे, मागे बाई, त्यांच्या मागे मी, अशी आमची वरात माळावर निघाली.

जिथे धरला होता तिथेच बाईंनी त्याला खाली ठेवलं, चिंधी सोडली, उपरणं काढलं. तो तसाच आडवा पडून राहिला. आम्ही वीस-पंचवीस पावलं मागे जाऊन एका बोरीच्या झुडपाआड बसलो. बाईंनी दुर्बीण डोळ्याला लावली नाही. मलाही रोखून बघू दिलं नाही, त्याला ते कळतं म्हणाल्या. पाच मिनिटं गेली, दहा गेली. गवतात तो काळा ठिपका हलेना. चाचा माझ्या कानाशी म्हणाले, "म्याच मारला का वो त्याला?" मी म्हटलं, "नाही चाचा, मारला असेल तर मी." चिंचवडच्या गणपतीला मी मनातल्या मनात एकवीस मोदक बोलले. पुन्हा हिशोब करून एकावन्न केले.

आणि तो उठला. आधी मान वर आली. मग एक पाय टेकला, दुसरा टेकवेना, तसाच लंगडत दोन पावलं गेला. तुरे झटकले, पंख झटकले, चिखल उडाला. एकदम पळायला लागला, आणि पळता पळता गवताच्या शेंड्यांवरून उडून पलीकडच्या बांधामागे उतरला. पंख धड होते. माझा जीव भांड्यात पडला. पडला म्हणजे काय, मी बसले होते तिथेच, चिखलात, नव्या लुगड्यानिशी भोकाड पसरून रडले. बाई माझी पाठ चोळत होत्या आणि त्यांच्याही नाकातून पाणी येत होतं.

चाचांना माझं रडणं बघवेना. ते उकिडवे बसले आणि समजुतीच्या सुरात म्हणाले, "रडू नका, ताई. लंगडा हुता म्हनून सोडला, जाऊ द्या. बिनलंगडा गावंल की. फास हायेत अजून माळावर."

रडू जागच्या जागी थांबलं. माझ्याच खोट्याने मी पुन्हा एक पक्षी फासात घालणार होते. मग मात्र मी आडपडदा ठेवला नाही. सगळं सांगितलं: बाईंना पक्षी धरून नको, मारून नको, खायला नको, घरी न्यायलाही नको. लांबून, मोकळा, उडी मारताना बघायचा. बस्स, एवढंच. आणि पाय दुखावला म्हणून सोडला, हे मी तुमचं मन राखायला बोलले.

चाचांनी उपरणं झटकून खांद्यावर टाकलं. रागावले होते, आणि रागावण्याचा त्यांना हक्क होता. "मंग आधी न्हाई का सांगायचं?" ते म्हणाले. "सायब लोक येत्यात ते बंदूक घिऊन येत्यात. नुसतं बघायला कोन आलंय आजवर? मला वाटलं, म्हातारी बाई, चिखलात कुटं वणवण करंल. तिला बसल्या जागी मिळावा."

हे मी बाईंना इंग्रजीत सांगितलं, जसं जमेल तसं. बाईंनी चाचांचे दोन्ही हात धरले. चाचा परक्या बाईने हात धरल्यामुळे इतके अवघडले की त्यांचा राग कुठे गेला, त्यांनाच कळलं नसेल. "फास किती आहेत?" बाईंनी विचारलं. बारा, चाचा म्हणाले. घोड्याच्या केसांचे, बारीक खुंट्यांना बांधलेले, गवतात दिसत नाहीत असे.

आम्ही तिघं कामाला लागलो. चाचांना ओळीचा अंदाज होता, पण दोन दिवसांच्या पावसाने गवत आडवं झालं होतं. एक सापडला, तीन सापडले. नववा माझ्या पायात अडकला आणि मी तोंडावर पडले, तेव्हा चाचा पुन्हा हसले. अकरा झाले. बारावा मिळेना. तेवढ्यात बारा वाजायला आले, जीपचा भोंगा वाजला. चाचा म्हणाले, "तुमी जावा, म्या हुडकतो." बाईंनी मान हलवली. त्या गुडघ्यांवर बसून दोन्ही हातांनी गवत विंचरल्यासारखं बाजूला करत पुढे सरकत होत्या, आणि मी त्यांच्या शेजारी.

तेव्हाच उजव्या अंगाला बेडकासारखा आवाज आला. चाचा उभेच होते. ते दबक्या आवाजात म्हणाले, "बाई, त्यो बघा. दुसरा हाय. उडी मारली बघा." मी इंग्रजीत सांगितलं. आजही सांगते, नीट, एकही शब्द न चुकता सांगितलं. "पुन्हा मारली," चाचा म्हणाले.

"थांबा," बाई म्हणाल्या. त्यांनी मान वर केली नाही. त्यांचं बोट गवताच्या बुडाशी एका खुंटीला लागलं होतं. त्यांनी जपून गवत फाकवलं, वाकून पाहिलं, मलाही पाहायला लावलं. फास रिकामा होता.