काठावरच्या वहाणा

कडेगावचा केरबा पलटणीतून आला तो सुरुंगाची विद्या घेऊन. त्र्याहत्तरच्या दुष्काळात म्हसवडकडं विहिरी खोदायची धांदल उडाली आणि त्याला बोलावणी येऊ लागली. गडी धिप्पाड, पण सुरुंगाला इतका भ्यायचा की बघणारे हसायचे. माणसं दोनशे पावलं मागं सरल्याशिवाय तो बॅटरीचा खटका दाबत नसे. दगडाचं भय सगळ्यांनाच होतं. केरबाला भय होतं दणक्याचं. तो छातीत शिरतो आणि आतलं फोडतो, हे त्यानं लढाईत पाहिलं होतं. खंदकातला त्याचा सोबती, अंगावर ओरखडा नाही, चहा पिऊन हसला आणि तासाभरात गेला.

विहिरीत उतरताना माणसं वहाणा काठावर काढत आणि वर आली की घालत. काठ रिकामा दिसला की आत कोणी नाही, असं केरबा धरून चाले.

त्या दुपारी काठ रिकामा होता. त्यानं खटका दाबला. धूर निवळतोय तोवर बयाबाई भाकरी घेऊन आली आणि आपला नवरा कुठं आहे म्हणून विचारू लागली. नवस बोललेला तिचा नवरा कोंडीबा सोमवारपासून अनवाणी होता. वर तळवे भाजतात म्हणून तो विहिरीतल्या कपारीतच बसला होता. दगड वर उडतात, कपारीत काय होतंय, असा त्याचा शहाणपणा.

दोरानं त्याला वर काढला. धुळीनं माखलेला, पण धड. लोकांनी सिद्धनाथाच्या नावानं चांगभलं केलं आणि त्यानं आता चालत देवळात जाऊन नारळ फोडावा म्हणू लागले. कोंडीबा हसला. ते हसू केरबाच्या ओळखीचं होतं. कोंडीबाच्या कानातून रक्ताची बारीक रेघ उतरली होती. बयाबाईनं पुढं केलेला तांब्या केरबानं हिसकावला.

"आवं, पाणी तरी पिऊ द्या त्यास्नी," ती म्हणाली.

"न्हाई वैनी. आतडं फाटलं आसंल तर ह्योच घोट जीव घील. चूक माजी हाय, पर आता माजं ऐका."

केरबानं कोंडीबाला पाऊलभरही चालू दिलं नाही. बाजेवर निजवून त्याला खडीच्या ट्रकमध्ये घातला आणि सातारा गाठायला निघाले. वाटेत त्याला धाप लागली, ओठांवर लाल फेस आला. केरबा त्याचे श्वास मोजत होता आणि भीतीनं आकडा चुकत होता. फुफ्फुस ठेचलंय, चालवला असता तर दगावला असता, असं डॉक्टर म्हणाले. तीन दिवस केरबाच्या घशाखाली घास उतरला नाही. चौथ्या दिवशी कोंडीबानं भाकरी मागितली. कान मात्र गेले ते गेलेच. आणि मार खाल्लेल्या छातीला आता निम्मा दणकाही सोसणार नाही, असं डॉक्टरांनी बजावलं.

पोटासाठी कोंडीबा परत कामावर आला. केरबानं त्याला चारशे पावलांवर लाल निशाण घेऊन उभं केलं. वहाणा बघणं त्यानं सोडलं होतं. आता तो एकेकाला नावानं हाक मारी आणि ओ आली तरच पुढचं नाव घेई. कोंडीबाला हाक ऐकू येत नसे. म्हणून प्रत्येक सुरुंगाआधी केरबा उन्हातनं चारशे पावलं चालत जाई, त्याच्या खांद्यावर हात ठेवी आणि मगच खटका दाबायला माघारी येई.