गायधने सर आणि माझ्या हातातला कप

गायधने सरांची आणि माझी पहिली भेट आमच्या चर्चच्या मागच्या पायरीवर झाली. तेव्हा मी चर्चची झाडलोट करायचो, घंटा वाजवायचो. सर शाळेतून निवृत्त होऊन नुकतेच हुडकेश्वरला राहायला आले होते. त्यांनी विचारले, "शिकले किती गा तुम्ही?"

"सहावी. तेही नापास."

"मग तुम्हीच पाहिजे मले."

मी घाबरलो. वाटले, माझ्या हातून चर्चचे काही मोडले असावे.

येशूचे प्रेषित गेल्यावर पुढच्या पिढ्यांतल्या अध्यक्षांनी, म्हणजे बिशपांनी, आणि शिक्षकांनी गावोगावच्या ख्रिस्ती मंडळ्यांना पत्रे लिहिली. सर ती ग्रीकमधून मराठीत आणत होते. ती मुळात साध्या माणसांपुढे मोठ्याने वाचली जात, म्हणून मराठीतही माझ्यासारख्याला नुसती ऐकून कळली पाहिजेत, असा सरांचा नेम. दर बुधवारी दुपारी ते मला चहा देत आणि एक पान वाचत. मी "समजलं" म्हणालो की पान छापायला जाई. नाही म्हणालो की सर ते पुन्हा लिहीत. एक पान त्यांनी नऊ वेळा लिहिले. मला लाज वाटे. सर म्हणत, "लाजता काहून? चूक माही आहे, तुमची नाही."

एक पान मात्र मला आजही छळते. एका म्हाताऱ्या अध्यक्षांना श्वापदांपुढे टाकायला साखळदंडांत रोमला नेत होते. वाटेतून त्यांनी रोमच्या मंडळीला लिहिले. सरांनी ते वाचले तेव्हा माझे चित्त थाऱ्यावर नव्हते. दुसऱ्या दिवशी पत्नीचे ऑपरेशन होते. मी "समजलं" म्हणून मोकळा झालो. दुसऱ्या दिवशी सर डबा घेऊन इस्पितळात आले आणि संध्याकाळपर्यंत माझ्याशेजारी बाकावर बसून राहिले. तेव्हाही मी खरे सांगितले नाही.

पुस्तक निघाले. चर्चमध्ये ते पान वाचले गेले, तेव्हा एक बाई शेजारणीला म्हणाल्या, "एवढी मदत मागून राहिले बिचारे, तरी कोणीच नाही गेलं वं त्याहिले सोडवाले?" बाकीच्यांनीही माना हलवल्या. खरे तर अध्यक्षांनी उलट विनवले होते, की मला सोडवायची खटपट करू नका, येशूसाठी मरू द्या. सरांचा चेहरा उतरला. मी दोन वर्षे गप्प राहिलो.

शेवटी राहवेना. सरांच्या घरी जाऊन म्हणालो, "सर, मी खोटं बोललो. मले काहीच समजलं नव्हतं."

"मालूम आहे. समजलं की तुम्ही कप खाली ठेवता. त्या दिवशी कप हातातच होता."

"मग छापलं काहून?"

"मलेही काम संपवायची घाई झाली होती, बाबूराव."

सर आता पंच्याहत्तर वर्षांचे झाले. नजर मंदावली आहे, जिन्यावर थांबतात. मी त्यांच्याहून चार वर्षांनी मोठा. आधी वाचणारा थकेल की ऐकणारा, याची मला रोज धास्ती वाटते. नव्या आवृत्तीसाठी तेच पान पुन्हा हाती घेतले आहे. गेल्या बुधवारी सरांनी ते वाचले. बरेच कळले, शेवटची ओळ अडली. मी "नाही" म्हणालो. सरांनी हसून पेन्सिल उचलली.

देव सरांना उदंड आयुष्य देवो, त्यांच्या डोळ्यांत उजेड ठेवो. माझा कप अजून हातातच आहे.