तू तिला सांग, ती बोलेल

सरांनी माझ्या हातातला खडू काढून घेतला आणि अनघाला दिला. गणित मी सोडवलं होतं. अख्ख्या आठवीला ते माहीत होतं.

"तू तिला सांग, ती बोलेल," सर म्हणाले. "तुझं इंग्रजी ऐकत बसलो तर तास संपेल."

वर्ग हसला. अनघाही हसली.

देवगाव रंगारीच्या मराठी शाळेतून मी औरंगाबादला मामाकडे आले होते. इथली शाळा इंग्रजी. सरांनी गट पाडलेले. बाकं जोडायची आणि एका हुशार मुलीभोवती इंग्रजी न येणारे बसवायचे. संगतीनं आम्ही सुधारू, हा त्यांचा विचार. विचार वाईट नव्हता. पण हुशार कोण, ते त्यांनी इंग्रजीच्या पेपरावरून ठरवलं. गणित कुणाचं पाहिलंच नाही.

मग रोजचंच झालं. मी कुजबुजायची, अनघा उभी राहायची, शाबासकी तिला. वही माझी, अक्षर माझं, वर नाव गटप्रमुख अनघाचं. उर्दू शाळेतून आलेला सलीम शेजारी बसायचा. तो म्हणाला, "उसका दिमाग बनी है तू. तनखा मांग ले."

मी तनखा, म्हणजे पगार, नाही मागितला; सौदा मांडला. अनघाला म्हटलं, एक उत्तर तू सांग, एक मी सांगते. मोडकं का होईना. ती सरांना विचारून आली. सर म्हणाले, गटप्रमुख एकच असतो. आणि मला बजावलं, जास्त बोललीस तर परत गावच्या शाळेत धाडीन.

मामीला सांगितलं. ती म्हणाली, "लई शिकलेल्यांत बसायला मिळतंय नव्हं? मग गप ऱ्हा की."

गप राहिले. कितीतरी महिने. त्याचा थकवा अजून अंगात आहे.

मग तपासणीला साहेब आले. दोन नळांनी हौद भरायचं गणित घातलं आणि आमच्या गटाकडे बोट केलं. अनघा उभी राहिली. बाकाखालून तिनं माझा पाय दाबला. मी समोर बघत राहिले. तिनं परत दाबला. मी ओठ हलवले नाहीत.

अनघा सरांकडे बघू लागली. तेव्हा मी उठले. फळ्यापाशी गेले, खडू घेतला आणि सगळं मराठीत सोडवून सांगितलं.

"बरोबर," साहेब मराठीतच म्हणाले. "मग तू गटप्रमुख का नाहीस?"

"साहेब, ती अजून शिकतेय," सर मध्येच म्हणाले.

साहेब मान हलवून पुढच्या गटाकडे गेले. एवढंच.

दुसऱ्या दिवशी माझं बाक शेवटी, भिंतीला लावलेलं. एकटीचं. वर्षअखेरीस गणिताचं बक्षीस अनघालाच मिळालं. मी टाळ्या वाजवल्या नाहीत. सरांनी कारण विचारलं, तेही मी उभी राहून, मोडक्या इंग्रजीत, सगळ्यांदेखत सांगितलं. कुणी हसलं. हसू दे म्हटलं. त्या दिवसापासून माझ्या डोक्यातलं मी कुणाच्या कानात सांगितलेलं नाही, आणि मरेपर्यंत सांगणार नाही.