आधी कुठून, मग कुठे

विश्वजित जगदाळेचा फोन बिघडलेला नव्हता. तो वाजत नव्हता, एवढंच. नेरूळच्या घरी रविवारी सकाळी पोहे खाताना त्याच्या बायकोने, राजलक्ष्मीने, सहज विचारलं, “काय हो, हल्ली तुमच्या हौसेरावांचा फोन येत नाही?” तर हा गडी भरल्या ताटावरून उठला. पोह्यांनी त्याचं काय घोडं मारलं होतं कुणास ठाऊक.

विश्वजित तुर्भ्याच्या एका कोल्ड स्टोरेजमध्ये चौदा वर्षं कामाला होता. कोरेगावहून आला तेव्हा त्याच्याकडे टायपिंगचं सर्टिफिकेट आणि एक जाडजूड पुस्तक होतं. त्या पुस्तकावरून तो आपला आपण प्रोग्रॅम लिहायला शिकला आणि नोकरीला लागल्या वर्षीच त्याने ‘माल’ नावाचा प्रोग्रॅम तयार केला. त्यात चित्रं नव्हती, बटणं नव्हती. काळ्या पडद्यावर एक ओळ टाकायची, ‘माल ४ ११ ३००’. म्हणजे चार नंबर चेंबरमधून अकरा नंबरमध्ये तीनशे पेट्या हलवा. ओळ टाकली की खाली लोडिंगला चिठ्ठी छापून यायची आणि माथाडींची टोळी कामाला लागायची.

गंमत अशी की कुठला आकडा कशाचा, हे फक्त त्याच्या जागेवरून ठरायचं. पहिला कुठून, दुसरा कुठे, तिसरा किती. नवा माल आला तर पहिल्या जागी शून्य. माल बाहेर चालला तर दुसऱ्या जागी शून्य. एखादं शून्य विसरलं की मागचे आकडे पुढे सरकायचे आणि पेट्यांचा आकडा चेंबरच्या जागी जाऊन बसायचा. हे सगळं पाठ होतं एकट्या विश्वजितला. म्हणून टोळीचे मुकादम हौसेराव खालच्या कॉम्प्युटरवर ओळ टाकताना दिवसातून पाच वेळा फोन करायचे. “दादा, आदी कुठनं का आदी कुठं?”

“किती वेळा सांगायचं हौसेराव? आधी कुठून!” असं म्हणून विश्वजित फोन आपटायचा आणि शेजारच्या टेबलाकडे बघून कपाळाला हात लावायचा. वैतागल्याचं सोंग त्याला झकास जमायचं. आतून मात्र तो सुखावलेला असायचा. आपल्यावाचून इथलं पान हलत नाही, ही खात्री त्याला पगारापेक्षा गोड होती. गावी जत्रेला गेला तरी फोन यायचा आणि तो चार माणसांत मुद्दाम मोठ्याने बोलायचा.

मग श्रुती आली. बेलापूरला राहणारी, सव्वीस वर्षांची, बोलायला मऊ. मॅनेजर राजेश्वरी मॅडमनी तिला ‘माल’ नव्याने लिहायला सांगितला. श्रुतीने पहिला आठवडा कॉम्प्युटरला हातच लावला नाही. स्वेटर चढवून ती लोडिंगला जाऊन उभी राहिली आणि माणसं काय बोलतात ते वहीत लिहू लागली. विश्वजित चौदा वर्षांत खाली जायचा तो दसऱ्याच्या पूजेला, पेढा खाऊन परत. “चेंबरमध्ये थंडी खाऊन प्रोग्रॅम लिहितात वाटतं,” असं तो निशांतला, म्हणजे शेजारच्या टेबलावरच्या बिलिंग क्लार्कला, म्हणाला. निशांत हसला नाही. तेव्हापासून विश्वजितला निशांतही आवडेनासा झाला.

श्रुतीने नाव ‘माल’च ठेवलं, पण त्याच्यापुढे कामाचा शब्द आणला. माल आण, माल काढ, माल शोध, माल हलव. प्रत्येक कामाला लागतील तेवढेच आकडे, शून्यांची भानगडच नाही. अडलंच तर ‘माल हलव मदत’ असं लिहायचं, पडदाच सगळं सांगतो, न चिडता.

चालू करायच्या आधी तिने ते विश्वजितला दाखवलं. “सर, तुमच्याइतकं हे कुणाला माहीत नाही. काही खटकलं तर सांगाल?”

खटकलं होतं. बघताक्षणीच खटकलं होतं. ‘हलव’मध्ये तिने आधी कुठे आणि मग कुठून घेतलं होतं, कारण खाली माणसं तसंच बोलायची, “अकरात टाका, चारातनं घ्या.” म्हणजे चौदा वर्षांच्या सवयीने कुणी आकडे टाकले, तर चिठ्ठी उलटी निघणार. उपाय दोन मिनिटांचा होता, छापायच्या आधी पडद्याने एकदा विचारून घ्यायचं. विश्वजितने तशी मेल लिहायला घेतली. मग त्याच्या मनात आलं, एकदा होऊ दे उलटं. हौसेरावांकडून होऊ दे. मग बघतो मऊ बोलणं किती उपयोगी पडतं. त्याने लिहिलेली ओळ पुसली आणि “सर्व ठीक” एवढंच पाठवलं.

नवा ‘माल’ चालू झाला आणि तो वाट बघत बसला. एक आठवडा गेला, दोन गेले, महिना झाला. कुणाचंच चुकलं नाही. हौसेराव एका बोटाने ओळ टाकायचे आणि बरोबर टाकायचे. ते आयुष्यभर जसं बोलत आले तसंच आता लिहायचं होतं, त्यात चुकायचं काय? विश्वजितला हे कळलं तेव्हा त्याचा जळफळाट झाला. चौदा वर्षं त्यांना लक्षात राहत नव्हतं असं नाही, आपण त्यांना उलटं बोलायला लावत होतो. पण हे कबूल करण्यापेक्षा श्रुतीला पाण्यात पाहणं सोपं होतं. तिच्या डब्यातली सोलकढीसुद्धा त्याच्या डोळ्यांत खुपायला लागली.

एका दुपारी चार नंबरचा कॉम्प्रेसर अडकला. आत तीनशे पेट्या द्राक्षं. मेकॅनिक म्हणाला, तासाभरात चेंबर बंद करावा लागेल. हौसेराव त्याच्याबरोबर कॉम्प्रेसरच्या खोलीत गुंतलेले, श्रुती जेवायला बसलेली. राजेश्वरी मॅडम धावत आल्या. “विश्वजित, तुम्हीच टाका, चारचा माल अकरात. घाई आहे.”

तुम्हीच! किती दिवसांनी हा शब्द कानावर पडला. त्याने खुर्ची पुढे ओढली आणि न बघता, दिमाखात बोटं चालवली. ‘माल हलव ४ ११ ३००’. चिठ्ठी खाली गेली. विश्वजित मागे रेलून निशांतकडे बघत राहिला.

दहा मिनिटांत फोन वाजला. त्याचा हात आपसूक खिशाकडे गेला. फोन श्रुतीचा होता.

“श्रुतीताई, चिठ्ठी उलटी आलीया बगा,” हौसेरावांचा आवाज अख्ख्या ऑफिसला ऐकू गेला. “चार नंबर तर बंद करायचाय, आन् ह्यात लिवलंय अकरातला माल चारात भरा. मी बाहेर येस्तवर पोरांनी चाळीस पेट्या आत टाकल्या.”

“थांबवा काका, लगेच थांबवा. मी बघते.” डबा तसाच उघडा ठेवून श्रुती उठली. चिठ्ठी कुणी काढली ते पडद्यावर नावासकट दिसत होतं. तिने ते वाचलं. विश्वजितने तिला वाचताना पाहिलं.

मॅडम आल्या. “हे उलटं कसं झालं?”

“माझं राहिलं, मॅडम,” श्रुती म्हणाली. “क्रम बदललाय, तर छापायच्या आधी प्रोग्रॅमने एकदा विचारायला हवं होतं. माझ्या ध्यानातच आलं नाही. आज घालते.”

माझ्या आलं होतं, एवढंच विश्वजितला म्हणायचं होतं. तोंड उघडलंही त्याने. पण मॅडम तोवर खाली निघाल्या होत्या, आणि खरं सांगायचं तर त्याला बरंच वाटलं. लाज वाटत होती, तरीही त्या लाजेच्या खाली तोच जुना जाळ होता. तिचा प्रोग्रॅम चांगला, हे त्याने कसंबसं गिळलं असतं. तिने त्याला झाकलं, हे गिळवेना. आता हिच्या मोठेपणाचाही हेवा करायचा का, असं त्याने स्वतःला विचारलं आणि तो करतच राहिला.

“सर, मी खाली जाऊन पेट्या मोजते,” श्रुती स्वेटर घालत म्हणाली. “आधी भरलेल्या तीनशे आणि या चाळीस, सगळ्या अकरात न्यायच्यात. नवी चिठ्ठी तुम्ही काढता का?”

विश्वजितने ‘माल हलव’ लिहिलं आणि त्याची बोटं थांबली. चार आणि अकरा, दोन्ही आकडे समोर होते. बोटांना जुनं पाठ होतं आणि आज बोटांवर त्याचा भरवसा नव्हता. खाली चेंबर तापत चालला होता. मदत मागायला पडदा होता, पण श्रुती दारापर्यंत पोचली होती आणि तोंडातून शब्द निघून गेले.

“श्रुती, आधी कुठून की आधी कुठे?”

“आधी कुठे, सर,” ती चालता चालता म्हणाली. तिने फोन आपटला नाही, कपाळाला हातही लावला नाही. निशांत मात्र मान वर करून बघत होता.