साडेआठचा पाऊस

मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराच्या आधीच्या दोन-तीन वर्षांतली गोष्ट. मी परभणीच्या एका कार्यालयात पाऊस मोजायच्या कामावर होतो. माझे वडील, आमचे अण्णा, बोरीला घराच्या अंगणातल्या पर्जन्यमापकाची नोंद ठेवत. शाळेतून निवृत्त झालेला माणूस, आई गेल्यापासून एकटाच. रोज सकाळी साडेआठला मापकापाशी हजर. आठवड्याचे सात आकडे कार्यालयाच्या कार्डावर लिहून पाठवायचे. वर्षातले बहुतेक दिवस शून्यच, पण ते शून्यही असं काढायचे की पोरांना गिरवायला द्यावं. खाली एक ओळ माझ्यासाठी असायची: प्रकृती बरी आहे, काळजी नसावी.

मग कार्यालयात डेटा लॉगर, म्हणजे पावसाची नोंद आपोआप ठेवणारं यंत्र, आलं. त्याचा प्रोग्रॅम मी लिहिला आणि त्याचा मला भलता गर्व होता. मापकाच्या आत एक इवलीशी वाटी. पाण्यानं भरली की कलंडायची, आणि कलंडली तरच यंत्र जागं होऊन वेळ टिपायचं. एरवी गप्प. कोरड्या दिवसांची शून्यं साठवून उगाच जागा कशाला अडवायची, असं माझं म्हणणं. साहेबांनी पाठ थोपटली.

पहिलं यंत्र मी बोरीतच बसवलं. अण्णांना म्हटलं, आता कार्डं बंद, तुम्ही निवांत बसा. त्यांनी यंत्राभोवती दोन फेऱ्या मारल्या आणि विचारलं, "पाणी पडलं की तुला तिथं कळंल?"

"लगेच कळेल," मी म्हणालो. यंत्र सगळं पोटात ठेवतं आणि महिन्याला आमचा माणूस जीपनं जाऊन ते काढून आणतो, एवढं समजावत बसायला मला वेळ नव्हता.

कार्डं थांबली, तशी ती खालची ओळही थांबली. माझ्या ते ध्यानातसुद्धा आलं नाही. एसटीनं तासाभराचं गाव, पण जाणं पुढं ढकलत राहिलो.

पौषात बोरीची नोंद आली. आभाळात ढगाचा ठिपका नाही आणि इथं ओळीनं अकरा दिवस पाऊस! तोही रोज सकाळी साडेआठच्या सुमाराला, मिनिटभर. मी वैतागलो. कुणाचा तरी चावटपणा, दुसरं काय. अकराही आकडे लाल शाईनं खोडले आणि अण्णांना कार्ड टाकलं: मापकात कुणीतरी पाणी ओततंय, लक्ष ठेवा, नोंद खराब होते. प्रकृती विचारायची राहून गेली.

पुढच्या महिन्याच्या नोंदीत पहिले चार दिवस तेच, आणि मग सगळं कोरं. मी समाधानानं शेरा मारला, 'यंत्र ठीक.'

त्याच आठवड्यात गावाकडचा एक माणूस सकाळच्या एसटीनं आला. अण्णा गेले होते.

सगळं उरकल्यावर शेजारच्या काकूंनी सांगितलं. पौष लागता लागता अण्णांचा उजवा हात लुळा पडला. पेन धरवेना. तरी रोज सकाळी घड्याळ बघून उठायचे आणि भिंतीला धरत धरत अंगणात यायचे. डाव्या हातानं पेलाभर पाणी मापकात ओतायचे.

"आमी म्हनलं, परभनीला कळवू का? तर म्हनायचे, त्याला रोज कळायलंय, काम उरकलं की येईल."

मग ओतायचं का थांबवलं, ते मी विचारलं. विचारायला नको होतं.

"तुझं कार्ड आमच्या मालकांनी वाचून दावलं. मग म्हनले, ऱ्हाऊ द्या, पोराची नोंद खराब व्हायलीय."

मी काकूंसमोर लहान पोरासारखा रडलो. आजही कुणी पेल्यातलं पाणी अंगणात ओतलं की मी घड्याळ बघतो.

कामावर परतल्यावर मी प्रोग्रॅम बदलला. रोज सकाळी साडेआठला, काही घडो न घडो, एक नोंद. साहेबांनी विचारलं, एवढी शून्यं घेऊन करायचं काय?

पुढं पावसाळा लागेपर्यंत दर महिन्याला बोरीची तीस शून्यं यायची. मी ती एकेक करून वाचायचो. खाली ओळ नसायची.