निघण्याआधीची प्रार्थना

कुणी धर्म विचारला की मी गेली कित्येक वर्षं हसून विषय बदलत आले. लपवण्यासारखं काही नव्हतं, पण खरं उत्तर मलाच ठाऊक नव्हतं. जन्माने मी ख्रिस्ती, शेवगावकडच्या एका खेड्यातल्या मास्तरांची मुलगी. लग्न झालं ते हिंदू घरात, मी शिकवत होते त्या शाळेतल्याच एका शिक्षकाशी. मधली सगळी वर्षं शोधण्यात गेली आणि शोधून काही हाती लागत नाही म्हणून चिडण्यात गेली. गेल्या वर्षी आईच्या आजारपणात जे घडलं त्याला काय म्हणावं, हे मी ठरवायला बसत नाही. घडलं तसं लिहिते.

आमच्या गावचं चर्च म्हणजे काळ्या दगडांची एक लांबट खोली, वर पत्रे आणि बाहेर कडुनिंबाला टांगलेली घंटा. आत बाकं नव्हती, सतरंज्या होत्या. एका बाजूला पुरुष, दुसऱ्या बाजूला बायका आणि पुढे पेटी, तबला, झांजा. भजन रंगलं की वस्तीवरची इतर मंडळीही दारात येऊन उभी राहत. पण आमच्या घराची खरी खूण होती ती निघण्याआधीची प्रार्थना. प्रार्थना झाल्याशिवाय आमच्या घरातून कुणी बाहेर पडत नसे. पाहुणा चपला घालायला वाकला की वडील म्हणायचे, "थांबा, दोन शब्द बोलू." ते दोन शब्द कधीच दोन नसत. काष्टीच्या काकांची एसटी या प्रार्थनेपायी चुकली, तेव्हा ते फणफणत परत आले, मुक्कामाला राहिले आणि सकाळी निघताना पुन्हा प्रार्थना झालीच. आईची पद्धत निराळी. ती देवाशी शेजारणीशी बोलावं तशी बोलायची. म्हशीचा सुजलेला पाय, आत्याचा दमा, माझा गणिताचा पेपर, सगळं नावानिशी सांगायची. मी एक डोळा किलकिला करून चहावर साय धरलेली बघत बसायचे. आज ते दिवस आठवले की त्या गार चहाची चवसुद्धा हवीशी वाटते.

मी कॉलेजात असताना चर्चच्या मंडळीत भांडण झालं. कारभार कुणी बघायचा एवढ्यावरून दोन तट पडले आणि एका रविवारी चर्चच्या दाराला कुलूप दिसलं. त्या नाताळात एका तटाची उपासना आत झाली, दुसऱ्याची कडुनिंबाखाली. ज्या बाईंनी मला लहानपणी मांडीवर बसवून गाणी शिकवली, त्यांना मी रस्त्यात आमच्या ख्रिस्ती रिवाजाप्रमाणे 'सलाम' केला, तर त्यांनी मान फिरवली. मला भयंकर राग आला. ही माणसं इतक्या खात्रीने डोळे मिटून बोलतात आणि डोळे उघडले की अशी वागतात, मग त्या खात्रीचं करायचं काय? बाविसाव्या वर्षी नगरला शाळेत नोकरी लागली. ट्रंक दारात ठेवली होती, आई म्हणाली, "ये, प्रार्थना करू." मी म्हटलं, "माझा विश्वास नाही, खोटं कशाला करू?" आणि उंबरा ओलांडला. आईने पुन्हा कधी आग्रह केला नाही, फक्त मी भेटून निघाले की ती मिनिटभर आतल्या खोलीत जाऊन यायची.

त्यानंतर मी पुष्कळ दारं ठोठावली. सासूबाईंनी शनीच्या शिंगणापूरला नेलं. तिथली बिनदाराची घरं मला फार आवडली, कुलपाला कंटाळलेल्या बाईला ती आवडणारच. गीतेच्या वर्गाला दोन वर्षं गेले. एका ध्यान शिबिरात दहा दिवस मौन पाळलं आणि बाहेर पडल्या पडल्या नगरमधल्या आमच्या सावेडीला येताना रिक्षावाल्याशी कडकडून भांडले. हसू नका, त्या दिवशी मी घरी येऊन रडले होते. कुठेही माणसं वाईट भेटली नाहीत. सगळीकडे मला चांगलं वागवलं, पण मी सगळीकडे पाहुणीच राहिले. दर ठिकाणी मन म्हणायचं, आधी पटू दे, मग हात जोडू. ते पटणं काही येत नव्हतं. वडील गेले तेव्हाही मी कोरड्या डोळ्यांनी सगळ्यांच्या मागे उभी होते.

गेल्या वर्षी ऊसतोडीच्या दिवसांत आई अंगणात पडली आणि खुब्याचं हाड मोडलं. तिला नगरला एका लहानशा रुग्णालयात आणलं. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, ऑपरेशन केलं नाही तर आजी अंथरुणाला खिळतील, केलं तर हृदय साथ देईल याची खात्री नाही. आई शांत होती. तिची एकच अट, प्रार्थना झाल्याशिवाय आत जायचं नाही. चर्चच्या पाळकांना फोन केला तर ते राहुरीला एका लग्नात होते. निघतो म्हणाले, पण पोहोचायला तास तरी लागणार. ह्यांना रक्ताच्या पिशवीसाठी धाडलं होतं. ऑपरेशनच्या खोलीबाहेर स्ट्रेचरवर आई आणि शेजारी मी, दोघीच.

"तू कर," आई म्हणाली.

"आई, मला नाही जमायचं."

"जमतंय. लहानपनी झोपंत बी म्हनायचीस."

आई कदाचित बाहेर येणार नाही, हे मला दिसत होतं. तिला हवं ते बोलून टाकायला माझं काय जात होतं? पण ज्याच्यावर भरवसा नाही त्याच्याशी बोलायचं, तेही आईच्या अशा वेळी, म्हणजे तिलाच फसवणं. आणि नाही बोलले तर तिला तशीच आत पाठवायची. मी तिचा हात धरून नुसती उभी राहिले. तिने डोळे मिटले होते, ती वाट बघत होती.

तेवढ्यात दुसरं स्ट्रेचर घाईने आलं. त्यावर विशी-बाविशीची पोर, कळांनी पांढरी पडलेली. पाथर्डीकडची ऊसतोड करणारी माणसं, कारखान्यावरून टेम्पोत घालून आणलेली. मागोमाग तिची सासू, हातांवर उसाच्या पात्यांचे चिरे. नर्स म्हणाली, बाळ आडवं आहे, हिला आधी घ्यावं लागेल. मी काही बोलण्याआधी आईच म्हणाली, "जाऊ द्या तिला आदी." आतली तयारी होईपर्यंत दोन्ही स्ट्रेचर दाराशी शेजारी शेजारी थांबली. त्या सासूबाईंनी आमचं बोलणं ऐकलं असावं. त्या माझ्याजवळ आल्या.

"बाई, तुमी काय तरी म्हननार हुता ना? म्हना की. माज्या सुनंचं बी घ्या त्यात. मला नुसतं रडं येतंया, शबुद येत न्हाई."

मी म्हटलं, "अहो, मलाच कळत नाहीये, कुठल्या देवाचं नाव घेऊ."

"कोंचं बी घ्या," त्या म्हणाल्या, "पर लवकर घ्या."

त्यांनी माझा मोकळा हात घट्ट धरला आणि डोळे मिटून घेतले. एका हातात आई, दुसऱ्या हातात ही अनोळखी बाई. पटण्या न पटण्याचा विचार करायला तिथे जागाच उरली नाही. मी सुनेचं नाव विचारलं. मनीषा, त्या म्हणाल्या. आणि मी कुणालाही हाक न मारता सुरुवात केली. मनीषाला सांभाळ, तिच्या बाळाला वाट दे, डॉक्टरांचे हात धर, हिच्या सासूबाईंचा धीर सुटू देऊ नको. आईसारखंच एकेक नावानिशी येत गेलं. कुठून येत होतं, मला सांगता येणार नाही. शेवटी आईचं नाव घेताना मी एवढंच म्हणू शकले की हिला परत दे, मला हिच्याशी अजून बोलायचं आहे. आईने खणखणीत 'आमेन' म्हटलं. त्या बाईंनी माझा हात स्वतःच्या कपाळाला लावला. दार उघडलं आणि मनीषाला आत नेलं.

आईचं ऑपरेशन दुपारी झालं. हृदयाने साथ दिली. शुद्धीवर आल्यावर तिचा पहिला प्रश्न, "त्या पोरीचं काय झालं?" मी ओशाळले. आईच्या काळजीत मी विचारलंच नव्हतं. बाळंतिणींच्या खोलीत गेले, तर मनीषा झोपलेली, कुशीत मुलगी आणि खाली भिंतीला टेकून सासूबाईही गाढ झोपलेल्या. त्यांना उठवावंसं वाटलं नाही. थोडा वेळ तिथेच बसून परत आले. सहाव्या दिवशी आईला जरा बरं वाटल्यावर पुन्हा गेले, तेव्हा ती माणसं कारखान्यावर परतली होती.

आईला मी सावेडीला घरी आणलं. महिन्याभराने ती वॉकर धरून गॅलरीपर्यंत जाऊ लागली. एका दुपारी तिचे केस विंचरताना मी कबूल केलं, "आई, त्या दिवशी मी कुणाशी बोलत होते, मला माहीत नव्हतं गं. तुला फसवलं असं वाटतं."

ती हसली. "आगं, मला तरी कुठं दर बारी ठाव असतंय? तुजे वडील गेले त्या साली तर वाटायचं, कोनी ऐकतच न्हाई. तरी म्हनायचे. रागानं म्हनायचे, सवयीनं म्हनायचे. तुला काय वाटलं, आमाला समदं दिसतंय व्हय?"

मला तसंच वाटलं होतं. त्यांना सगळ्यांना खात्री आहे आणि मी एकटीच आंधळी, असं समजून मी अठ्ठावीस वर्षं आईपासून लांब राहिले. कंगवा हातात धरून मी हमसून हमसून रडले आणि ती मान न वळवता माझ्या गुडघ्यावर थोपटत राहिली.

मार्ग सापडला असं मी अजूनही म्हणणार नाही. काही रविवारी आईबरोबर उपासनेला जाते, घरी माझ्या सासूबाईंनी दिवा लावला की त्यांच्याजवळ बसते आणि आताशा कुठेच परकं वाटत नाही. आधी पटेल, मग शरण जाईन, हा माझा हट्ट होता. तो माझ्याने सुटला नसता, रुग्णालयातल्या त्या बाईंनी हात धरून सोडवला. त्यांचे उपकार फिटायचे नाहीत, आणि घाईत मी त्यांचं नावसुद्धा विचारलं नाही. रोज सकाळी मी मनीषाचं नाव घेते, तिच्या मुलीसाठी मागते आणि मग नुसतंच 'मनीषाची सासू' म्हणते. ऐकणाऱ्याचं नाव मला ठाऊक नाही. पण मी कुणाविषयी बोलते आहे, ते त्याला नक्की कळतं.