वर्षाराणीच्या हिरव्या टेस्ट

वडीगोद्रीच्या वर्षाराणीची एक सवय घरच्यांना उलटी वाटायची. प्रोग्राम लिहिण्याआधी ती त्याची टेस्ट लिहायची. काय व्हायला हवं ते आधी मांडायचं, चालवायचं, स्क्रीनवर लाल 'नापास' बघायचं, आणि मग ते हिरवं होईल एवढाच कोड लिहायचा. पुण्याची नोकरी घरून करायला लागली तरी तिनं हे सोडलं नाही. सवय चांगलीच. पण चांगल्या सवयीनं डोकं आपोआप चालतं असं कुणी समजू नये.

मळ्यातली विहीर चार घरांची, पाळी सहा-सहा तासांची. पाळीवरून रोज तोंडातोंडी. म्हणून वर्षाराणीनं पाळी कळवणारा प्रोग्राम केला. तारखा, वेळापत्रक, मेसेज पाठवणं हे सगळं फ्रेमवर्कमध्ये, म्हणजे दुसऱ्यांनी लिहून ठेवलेल्या आयत्या कोडमध्ये, तयारच होतं. लाईट आली-गेली ते मोटरीचा मोबाइल स्टार्टर कळवायचा. एकोणीस टेस्ट लिहिल्या, एकोणीसही हिरव्या. महिनाभर चालवून बघू, असं चौघांनी कबूल केलं.

दुसऱ्याच आठवड्यात, दुपारी बाराच्या सुमारास शेजारची आसराबाई दारात.

"वर्षे, तुझ्या फोननं माझं पाणी पळवलं!"

"काकू, सहा ते बारा तुमची पाळी होती. बारा वाजले, साहेबरावभाऊंची लागली. बराबर आहे."

"डोंबलाचं बराबर! तीन घंटे लाईट न्हवती. मोसंबीचा ताण तोडलाय, महिन्याभरानं पह्यलंच पाणी, आन अर्धी झाडं कोरडी राह्यली. साहेबराव मेसेज दाखवून मोटरीच्या पेटीची चावी घेऊन गेला. जेवलो की मोटर लावतो म्हणला. आज पाणी न्हाई भेटलं तर तुझा खेळ बंद!"

वर्षाराणीला राग आला नाही, नवल वाटलं. एकोणीस टेस्ट पास आणि अर्धी बाग कोरडी, दोन्ही खरं कसं? ती एकेक टेस्ट वाचत गेली. तारीख बदलते का? मेसेज जातो का? अरे, हे तर फ्रेमवर्क करणाऱ्यांनीच तपासून दिलेलं! विहिरीच्या नियमाची एकही टेस्ट नव्हती. वेळापत्रक आयतं मिळालं म्हणून तिनं पाळीलाच वेळापत्रक मानलं होतं.

"काकू, बसा. लाईट असेल तेवढेच तास धरता?"

"मंग काय, अंधार धरायचा?"

"आणि लाईट आहे, पण तुम्हीच मोटर लावली नाही तर?"

"तो माझा आळस. ते तास गेले."

वर्षाराणीचे डोळे चमकले. हा नियम कागदावर कुठंच नव्हता. तिनं टेस्ट लिहिली: आसराबाईची पाळी, तीन तास लाईट नाही, बारा वाजता पाळी कुणाची? आसराबाईचीच. चालवली. लाल.

"अगं बाई, बिघडलं का?"

"बिघडलेलंच होतं, काकू. आता दिसलं."

दुसरी टेस्ट आळसाची. मेसेजचं काम तिनं फ्रेमवर्ककडेच ठेवलं, लाईटीचे तास मोजायचा छोटासा कोड तेवढा स्वतःचा लिहिला. पाऊण तासात दोन्ही हिरव्या. साहेबरावला मेसेज गेला: आसराबाईचे तीन तास बाकी. तो हात न पुसताच आला.

"मघाशी एक, आता दुसरंच! तुझं मशीन पलटी मारून राह्यलं का?"

"चूक माझी होती, भाऊ. काकूंचे तीन झाले की तुमचे पूर्ण सहा."

"आन माझ्या टायमाला लाईट गेली तर? माझ्या नावानं लिहून दाखव."

तिनं त्याच्यासमोर लिहिलं. साहेबराव वाकून बघत होता. हिरवं झालं, तसं त्यानं खिशातली चावी काढली आणि आसराबाईच्या हातावर ठेवली.

"घे. जल्दी जा, लाईट हाय तोवर."

आसराबाई पळालीच. साहेबराव मात्र खुर्ची ओढून बसला.

"मोटरच जळाली तर गं, पोरी?"

"थांबा भाऊ," म्हणत वर्षाराणीनं नवी टेस्ट उघडली. "तुमच्यात काय ठरलंय ते आधी सांगा."